वृत्तपत्रीय आधार आणि तळटीपेची शिस्त

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राविषयी प्रबंध लिहावयाचा तर वृत्तपत्रांना वगळून चालत नाही. त्या काळातील वादविवाद, सुधारणेचे प्रश्न, भाषेची घडण आणि लोकजीवनाचे तपशील यांचा फार मोठा भाग 'दर्पण', 'प्रभाकर', 'ज्ञानोदय', 'ज्ञानप्रकाश', 'इंदुप्रकाश', 'दीनबंधु', 'केसरी', 'सुधारक' या पत्रांच्या आणि 'निबंधमाला', 'विविधज्ञानविस्तार' यांसारख्या मासिकांच्या पानांत साठलेला आहे. आज जे ग्रंथरूपाने हाती येते त्यातीलही बरेचसे प्रथम नियतकालिकांतूनच अवतरले. असे असता मराठी प्रबंधांतील सर्वांत दुबळी तळटीप कोणती, असा प्रश्न केल्यास वृत्तपत्राची, असेच उत्तर द्यावे लागते. ग्रंथाची आवृत्ती, प्रकाशनवर्ष आणि पृष्ठ दक्षतेने नोंदविणारा अभ्यासकही वृत्तपत्रापाशी येताच 'केसरी, १८९७' एवढे लिहून पुढे जातो. आणि मार्गदर्शक व परीक्षक हे दोघेही त्याला हटकीत नाहीत.

ही तळटीप किती दुबळी आहे हे पाहण्यासाठी १८९७ हेच वर्ष घेणे सोयीचे होईल. 'केसरी' त्या वेळी साप्ताहिक होता. म्हणजे त्या वर्षी त्याचे बावन्न मंगळवार झाले. त्यांतील निदान तीन मंगळवार इतिहासाच्या दृष्टीने परस्परांपासून अगदी भिन्न आहेत. १५ जूनच्या अंकात शिवराज्याभिषेकोत्सवाचा वृत्तांत आणि शिवाजीच्या तोंडी घातलेले पद्य प्रसिद्ध झाले. २२ जूनच्या रात्री पुण्यात रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. आयर्स्ट तत्काळ आणि रँड ३ जुलै रोजी मृत्यू पावला. त्यानंतर ६ जुलैच्या अंकात 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा लेख आला, आणि १३ जुलैला 'राज्य करणे म्हणजे सूड उगविणे नव्हे' हा. २७ जुलैला टिळकांना अटक झाली व १४ सप्टेंबरला त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा सुनावण्यात आली.

आता राजद्रोहाचा आरोप कोणत्या मजकुरावर ठेवण्यात आला? तो १५ जूनच्या अंकातील मजकुरावर. म्हणजे रँडवधाच्या आधी आठवडाभर प्रसिद्ध झालेल्या लिखाणावर. खटल्याचे सारे मर्म या क्रमात आहे. वधापूर्वीच्या लिखाणाने लोकांच्या मनात अप्रीती उत्पन्न केली, असे सरकारपक्षाला दाखवावयाचे होते. वधानंतर सरकारच्या दडपशाहीवर केलेली टीका हा त्या आरोपाचा पाया नव्हता. परंतु महाराष्ट्रात सर्वाधिक गाजले ते ६ जुलैच्या लेखाचे शीर्षक. ते राजकीय भाषणांतून व वर्तमानपत्री मथळ्यांतून इतके घोळले गेले आहे की, याच लेखाबद्दल टिळक तुरुंगात गेले, अशी समजूत सुशिक्षितांतही रूढ झाली आहे. 'केसरी, १८९७' ही तळटीप ही समजूत दुरुस्त करीत नाही. उलट तिला संशोधनाचे वस्त्र चढविते. १५ जून आणि ६ जुलै या दोन तारखा प्रबंधात शेजारी शेजारी आल्या असत्या, तर लेखकाला आपल्या विधानापाशी थांबणे भागच पडले असते. तारीख हा येथे कार्यकारणाचा पुरावा आहे.

तारखेसंबंधी एक साधी कसोटी असूनही ती क्वचितच वापरली जाते. साप्ताहिकाचा वार ठरलेला असतो. 'केसरी'चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ रोजी निघाला तो मंगळवारी. वर उल्लेखिलेल्या १८९७ मधील तीनही तारखा मंगळवारच्या आहेत. १९०८ च्या खटल्यात आलेल्या 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या लेखांच्या तारखा, १२ मे व ९ जून, याही मंगळवारच्याच. 'प्रभाकर' पत्राचा प्रारंभ २४ ऑक्टोबर १८४१ चा, तो रविवार. लोकहितवादींच्या पहिल्या पत्राची म्हणून दिली जाणारी १९ मार्च १८४८ ही तारीखही रविवारचीच. तेव्हा 'केसरी'च्या साप्ताहिक काळातील एखादा अग्रलेख कोणी शुक्रवारच्या तारखेने उद्धृत केला, तर काही तरी चुकले आहे, हे अंक हाती नसतानाही सांगता येते. चूक बहुधा उसन्या तळटीपेतून आलेली असते: एकाने अंकाची तारीख लिहिताना आकडा बदलला आणि पुढील चौघांनी मूळ अंक न पाहता तो तसाच उतरविला. पंचांग उघडून वार पाहण्यास दोन मिनिटे लागतात.

शकाच्या तारखांत याहून अधिक घोटाळा आहे. जुन्या मासिकांवर शके आणि महिना छापलेला असतो आणि इसवी सन काढण्यासाठी अभ्यासक सरसकट अठ्ठ्याहत्तर मिळवितात. शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते. म्हणून पौषाच्या मध्यापासून फाल्गुनाच्या अखेरीपर्यंत एकोणऐंशी मिळविणे आवश्यक असते. 'केसरी'चा पहिला अंक निघाला तो शके १८०२ च्या पौषात. अठ्ठ्याहत्तराचा हिशेब लावला तर तो १८८० मध्ये निघाला असे होईल, आणि न्यू इंग्लिश स्कूल व 'केसरी' एकाच वर्षी जन्मास आल्याचा नवाच शोध लागेल. या प्रकारचे शोध हस्तलिखित प्रबंधांत दुर्मीळ नाहीत. ज्या अंकावर केवळ शक आहे त्याचा शक आहे तसा द्यावा आणि इसवी सन आपण काढला असल्याचे कंसात सूचित करावे, म्हणजे पुढील वाचकाला निदान गणित तपासता येते.

तारखेनंतर कर्तृत्वाचा प्रश्न येतो, आणि तो अधिक अवघड आहे. जुन्या वृत्तपत्रांतील बहुतेक अग्रलेख अस्वाक्षरित असत. 'केसरी' आणि टिळक ही जोडी आज मनात इतकी पक्की बसली आहे की, १८८१ ते १८८७ या काळातील कोणताही अग्रलेख 'टिळक म्हणतात' या शब्दांनी उद्धृत करण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. वस्तुतः ऑक्टोबर १८८७ पर्यंत 'केसरी'चे संपादक आगरकर होते. टिळक प्राधान्याने 'मराठा' पाहत. पहिल्या सव्वा वर्षात, मार्च १८८२ मध्ये मृत्यू येईपर्यंत, विष्णुशास्त्री चिपळूणकरही 'केसरी'त लिहीत होते. आगरकरांनी आपले काही निबंध पुढे निवडून ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, त्यांविषयी शंका उरत नाही; ज्यांचा असा निर्वाळा नाही, त्यांपुढे 'अस्वाक्षरित' हा शब्द लिहिण्यात कमीपणा कसला? शैलीवरून लेखक ओळखता येतो असा दावा केला जातो. तो कधी खराही ठरेल. पण मग तो दावा तळटीपेत न दडविता प्रबंधाच्या अंगात मांडावा लागेल, आणि शब्दयोजना, वाक्यरचना, आवडते दृष्टान्त यांचा पुरावा द्यावा लागेल. ज्या तीन लेखकांनी एकाच शाळेत शिकविले, एकाच कचेरीत बसून लिहिले आणि ज्यांपैकी दोघांनी तिसऱ्याची शैली गुरुस्थानी मानली, त्यांना केवळ कानाने वेगळे काढणे वाटते तितके सोपे नाही.

कायद्याने जबाबदार संपादक आणि मजकुराचा लेखक हे दोन निराळे पुरुष असू शकतात, याचे उदाहरण याच काळात आहे. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्यासंबंधीच्या प्रकरणात १८८२ मध्ये आगरकर आणि टिळक यांना शिक्षा झाली व डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. पण ज्या पत्रांमुळे हे संकट ओढवले ती त्यांची स्वतःची नव्हती. दुसऱ्यांकडून आलेली होती आणि ती बनावट निघाली. न्यायालयाच्या निकालावरून 'अमुक मजकूर अमुकाचा' असे ठरविणाऱ्याने एवढे लक्षात ठेवणे बरे.

याच्या उलट बाजूचा दाखला 'मूकनायक' पत्राचा. ३१ जानेवारी १९२० रोजी हे पाक्षिक निघाले तेव्हा डॉ. आंबेडकर सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते. प्रारंभीचे अग्रलेख आंबेडकरांचे, हे सर्वमान्य आहे. परंतु जुलै १९२० मध्ये ते पुढील शिक्षणासाठी लंडनला गेले आणि पत्र त्यानंतरही चालू राहिले. तेव्हा केवळ संपादकाचे नाव पाहून पहिले अग्रलेख भटकरांच्या खाती टाकणे जितके चूक, तितकेच 'मूकनायक'मधील प्रत्येक ओळ आंबेडकरांची मानणेही चूक. येथे अंकाची तारीख आणि कर्तृत्व हे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत: तारीख न देणाऱ्याला कर्तृत्वाविषयी बोलण्याचा अधिकारच पोहोचत नाही. ज्या पत्राने मुक्या समाजाला वाचा दिली, त्या पत्रात त्या समाजातील इतर लेखणीही चालत होत्या. त्यांची नावे एका मोठ्या नावाखाली झाकली जाणे हा इतिहासाचा तोटा आहे, आणि तो आदरापोटी होतो म्हणून लहान ठरत नाही.

टोपणनावांचे प्रकरण येथे थोडक्यात आटोपता येईल. छापलेले टोपणनाव तळटीपेत राहिलेच पाहिजे. खरे नाव त्यापुढे कंसात यावे. रखमाबाईंनी १८८५ मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाहाविषयी पत्रे लिहिली ती 'एक हिंदू स्त्री' या अर्थाच्या इंग्रजी सहीने. तळटीपेत केवळ रखमाबाईंचे नाव घातले, तर त्या वेळच्या वाचकाला लेखिका कोण हे ठाऊक नव्हते, ही मोलाची गोष्ट पुसली जाते. 'लोकहितवादी' या नावाचीही तीच कथा.

यापुढील दोष पुनर्मुद्रणांतून उद्भवतो, आणि भाषाभ्यासकांनी त्याकडे अधिक गंभीरपणे पाहिले पाहिजे. वृत्तपत्रांचे मूळ अंक दुर्मीळ, जीर्ण आणि दूरच्या ग्रंथालयांत. संकलने मात्र टेबलावर. तेव्हा अभ्यासक संकलन वाचतो आणि तळटीपेत मूळ पत्राचे नाव घालतो. हा प्रकार प्रामाणिकपणाच्या दृष्टीने गैर आहेच. पण भाषाशास्त्राच्या प्रबंधात तो निष्कर्षच खोटे पाडू शकतो. लोकहितवादींची 'शतपत्रे' १८४८ ते १८५० या काळात 'प्रभाकर'मध्ये प्रसिद्ध झाली. नाव शतपत्रांचे असले तरी संख्या एकशे आठ. आज ती संपादित आवृत्त्यांतून वाचली जातात. त्या आवृत्तीतील ऱ्हस्वदीर्घ, अनुस्वार आणि विरामचिन्हे १८४८ ची आहेत असे समजून कोणी त्या काळच्या लेखनपद्धतीविषयी विधान करील, तर ते विधान लोकहितवादींविषयी नसून संपादकाविषयी किंवा मुद्रणालयातील जुळाऱ्याविषयी असेल. मेजर कँडी यांची 'विरामचिन्हांची परिभाषा' १८५० ची आहे, हे आठवले तरी त्यापूर्वीच्या मजकुरातील नेटका अर्धविराम पाहून सावध व्हावयास हवे.

अनुस्वाराचा प्रश्न तर व्याकरणाला भिडणारा आहे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले, आणि अनुच्चारित अनुस्वार लेखनातून गेले. त्यानंतरच्या पुनर्मुद्रणांत जुना मजकूर बहुधा नव्या नियमांनी छापला जातो. सामान्य वाचकाच्या दृष्टीने हे योग्यच. परंतु 'तें' हे नपुंसकलिंगी एकवचन आणि 'ते' हे पुल्लिंगी अनेकवचन यांतील भेद जुन्या लेखनात डोळ्यांना दिसत होता. 'घरीं' या रूपातील अनुस्वार सप्तमीची खूण होता. 'त्यानें' यातील तृतीयेची. ज्या अनुनासिकाचा उच्चार पुण्याच्या बोलीतून लोपला तो कोकणीत आजही नांदतो आहे. मग १८५० च्या सुमाराचा एखादा लेखक हे अनुस्वार नियमितपणे लिहीत होता की अधूनमधून, कोठे चुकत होता आणि कोठे नाही, यावरून त्याच्या उच्चाराविषयी आणि शिक्षणाविषयी काही अनुमान करता येते. हे अनुमान मूळ अंकावरूनच शक्य आहे. नव्या लेखनात छापलेल्या संकलनावरून केलेला 'अनुस्वारलोपाचा' अभ्यास म्हणजे धुतलेल्या कापडावरील डाग मोजण्याचा उद्योग होय. शब्दाचा प्रथम आढळ नोंदविणाऱ्या कोशकारालाही हीच सावधगिरी हवी. संकलनाच्या संपादकाने दिलेली उपशीर्षके मूळ मजकुराचा भाग समजून त्यांतील शब्दांना पन्नास-पाऊणशे वर्षांचे जास्तीचे आयुष्य बहाल केले जाण्याचा धोका असतो.

'निबंधमाला'चे उदाहरण निराळे, पण दोष तोच. १८७४ मध्ये सुरू झालेल्या या मासिकाचे एकूण चौऱ्याऐंशी अंक निघाले. पुढे ते एकत्र ग्रंथरूपाने छापले गेले आणि 'निबंधमाला' म्हणजे एक जाडजूड ग्रंथ, अशी भावना दृढ झाली. परिणामी तळटीपेत ग्रंथाची आवृत्ती आणि पृष्ठ येते, अंक येत नाही. मराठी भाषेच्या सांप्रतच्या स्थितीविषयीचा निबंध मालेच्या आरंभीचा. 'आमच्या देशाची स्थिती' हा अखेरचा. दोहोंमध्ये सात वर्षांचे अंतर आहे आणि त्या सात वर्षांत चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडली, न्यू इंग्लिश स्कूल काढले आणि 'केसरी'च्या स्थापनेत भाग घेतला. नोकरीत असलेल्या शिक्षकाचे लेखन आणि स्वतंत्र झालेल्या संपादकाचे लेखन एकाच ग्रंथाच्या दोन पृष्ठांप्रमाणे उद्धृत केले, तर लेखकाची वाढ दिसावी कशी?

मूळ नियतकालिकाचे नाव गाळण्यात कधी कधी वादाचा संदर्भच नाहीसा होतो. मराठी ग्रंथकार सभेला उद्देशून जोतीराव फुले यांनी लिहिलेले पत्र आज त्यांच्या समग्र वाङ्मयात सहज सापडते; धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादिलेला तो ग्रंथ १९६९ मध्ये निघाला. परंतु ते पत्र प्रथम छापले गेले जून १८८५ मध्ये 'ज्ञानोदय'त, म्हणजे अमेरिकन मराठी मिशनच्या पत्रात. ग्रंथकारांच्या सभेत सामील होण्यास दिलेला नकार त्या ग्रंथकारांच्या आवडत्या पत्रांत न येता मिशनच्या पत्रात यावा, ही स्वतंत्र विचार करण्याजोगी गोष्ट आहे. 'समग्र वाङ्मय, पृष्ठ अमुक' असे लिहिणाऱ्याच्या मनात तो विचार उगवतच नाही.

भाषांतराची वाट धरून येणारे अवतरण हा सर्वांत चमत्कारिक प्रकार. १९०८ च्या खटल्यात 'केसरी'तील लेखांची इंग्रजी भाषांतरे न्यायालयापुढे ठेवण्यात आली, आणि ती भाषांतरे मूळ शब्दांना विपरीत छटा देतात, असा टिळकांचा आक्षेप होता. आपल्या बचावाच्या भाषणात त्यांनी यावर बराच भर दिला. पुढे इंग्रजीत लिहिणाऱ्या इतिहासकारांनी इंग्रजी पाठ वापरणे स्वाभाविक होते. परंतु मराठी विद्यार्थी ते इंग्रजी ग्रंथ वाचतो, त्यांतील उतारा पुन्हा मराठीत उतरवितो, आणि अवतरणचिन्हांत घालून खाली 'केसरी, १२ मे १९०८' असे लिहितो. म्हणजे ज्या भाषांतराविरुद्ध लेखकाने न्यायासनापुढे तक्रार केली, त्याचेच प्रतिभाषांतर त्याच्या तोंडी त्याच्या मातृभाषेत घातले जाते! ज्याला मूळ अंक मिळाला नाही त्याने मूळ अंकाचे नाव घेऊ नये. इंग्रजी ग्रंथाचे घ्यावे आणि भाषांतर आपले असल्याचे सांगावे. 'उद्धृत' हा एक शब्द लिहिल्याने प्रबंध नापसंत झाल्याचे ऐकिवात नाही.

आजच्या वृत्तपत्रांच्या बाबतीत अडचणी निराळ्या आहेत. एकाच दैनिकाच्या मुंबई, पुणे, नागपूर अशा आवृत्त्या निघतात आणि त्यांची पाने सारखी नसतात. म्हणून आवृत्ती न देता दिलेला पृष्ठांक निरुपयोगी ठरतो. वृत्तसंस्थेने पाठविलेली बातमी पाच पत्रांत पाच मथळ्यांखाली येते. ती पाच आधारांप्रमाणे उद्धृत करणाऱ्याने एकाच साक्षीदाराला पाच वेळा पिंजऱ्यात उभे केलेले असते. महाजालावरील बातमीचा मथळा आणि मजकूर प्रसिद्धीनंतरही बदलतो, त्यामुळे ती केव्हा पाहिली ती तारीख नोंदविणे अपरिहार्य आहे. छापील अंकाशी ती शब्दशः जुळेल असे गृहीत धरू नये. जुन्या अंकांची छायाचित्रे आता संगणकावर मिळू लागली, ही मोठीच सोय झाली. परंतु शोधयंत्र जुने खिळे नीट वाचीत नाही. 'शोधले, आढळले नाही' यावरून 'त्या काळी हा शब्दच नव्हता' असा निर्णय देणारा संशोधक यंत्राचे अज्ञान काळाच्या माथी मारतो. कात्रणांच्या वह्यांविषयीही हेच म्हणता येईल. कात्रणावर बाजूला पेन्सिलीने लिहिलेली तारीख ही कात्री चालविणाऱ्याची साक्ष असते, पत्राची नव्हे. ती तशीच सांगावी.

संशोधनपत्रिका आणि मासिके यांच्या आधारांत दोष कमी आढळतात, कारण तेथे लेखकाचे नाव बहुधा छापलेले असते. वर्ष आणि अंक हे दोन्ही आकडे मात्र हवेत. प्रत्येक अंकात पृष्ठे नव्याने एकपासून सुरू होत असतील, तर अंकाशिवाय पृष्ठांक देणे व्यर्थ होय. दिवाळी अंकांच्या बाबतीत वर्ष पुरते. पण दिवाळी अंकातील लेख पुढे पुस्तकात जाताना बदलतो, आणि चर्चा ज्या पाठाची असेल त्याच पाठाचा आधार दिला पाहिजे. या बाबतीत कथासंग्रहांचे समीक्षक भाषाभ्यासकांहूनही निष्काळजी आहेत.

तळटीप कशी असावी, याविषयी नमुन्यांची मोठी यादी आवश्यक नाही. 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?', अग्रलेख, अस्वाक्षरित, 'केसरी', पुणे, मंगळवार, ६ जुलै १८९७. त्यापुढे पृष्ठ व स्तंभ. आणि शेवटी हा मजकूर मूळ अंकात पाहिला, सूक्ष्मपटावर पाहिला की टिळकांच्या निधनानंतर निघालेल्या लेखसंग्रहात, हे तीन-चार शब्दांत. एवढे झाले की पुढचा वाचक त्या पानापर्यंत स्वतः चालत जाऊ शकतो. मोठ्या पानांच्या जुन्या पत्रांत पृष्ठाबरोबर स्तंभ देण्याची पद्धत मराठीत जवळजवळ नाही. ती सुरू होणे इष्ट आहे, कारण बारीक टाइपात खच्चून भरलेल्या पानावर सहा ओळींचा मजकूर शोधण्यात डोळे आणि जीर्ण कागद या दोहोंचीही झीज होते, आणि अंकाची प्रत अनेकदा एकच उरलेली असते.